मापाच्या वहीतलं जर्मन

वहीच्या अलीकडच्या पानावर प्रमिला बडगुजर:
छाती छत्तीस, बाही नऊ, गळा मागून खोल.
त्याच पानावर खाली, त्याच बोथट पेन्सिलीने:
गुटेन टाग. इश हेट्टं गेर्न आइनेन टेर्मीन.
नमस्कार, मला वेळ मिळाली तर बरं होईल.

चारू म्हणते, आई, तिथे नुसतं 'वेळ द्या' म्हणायचं नाही,
'मिळाली तर बरं होईल' म्हणायचं.
मी म्हटलं, अगं, हे तर मी जन्मभर म्हणत आले,
फक्त मराठीत.

तिचे दिवस दिवाळीनंतर भरतात.
तीन महिने कासेलला जायचं, कळण्याचं पीठ घेऊन.
ती बाळंतपणाच्या खाटेवर असताना
इकडे माझी शुगर चढली, कंबर धरली,
तर एकटीला बोलता यायला हवं.
म्हणून रात्री साडेनऊला, तिकडे सहा वाजलेले,
मोबाइल मशीनच्या चाकाला टेकवून आमची शाळा.
अमळनेरात अजून उकडतंय.
नसीमा काजं करता करता ऐकते,
माझ्याआधी तिचं पाठ होतं.

शुगरला तिकडची जुनी माणसं साखरच म्हणतात.
इश हाबं त्सुकर. माझ्याकडे साखर आहे.
मग वाटीभर द्या की, नसीमा म्हणाली,
आणि हसण्यात माझी शिवण वाकडी गेली.

मग आलं 'झी'.
झी म्हणजे आपण. डॉक्टरला झी, नर्सला झी,
आणि तेही तुला झीच म्हणणार, आई.
झी म्हणजे 'ती' सुद्धा.
फरक फक्त मोठ्या अक्षराचा,
आणि ते अक्षर कानाला दिसत नाही.

माझ्या आईच्या अहिराणीत
देवाले भी तू, डाक्टरले भी तू.
कोठे दुखस वं, माय? की संपलं.
धुळ्याच्या केबिनमध्ये मात्र मी कायम 'ती'.
हिला काय होतं? डॉक्टर यांना विचारतात.
हिची कंबर दुखते, हे सांगतात,
तीन महिन्यांपासून.
मी बाजूच्या खुर्चीत, पर्स मांडीवर.
तीन महिने हा आकडा यांनी कुठून आणला
कोण जाणे.

वो हाबेन झी श्मेर्त्सेन? आपल्याला कुठे दुखतं?
झाइट वान? कधीपासून?
चारूने उत्तर तयार ठेवलेलं: झाइट त्स्वाय वोखेन,
दोन आठवड्यांपासून. हे पाठ कर.
तीस वर्षांना काय म्हणतात? मी विचारलं.
तिकडून बराच वेळ नुसता केटलीचा आवाज.
मग म्हणाली, ड्रायसिश यारेन.
मी लिहून घेतलं. प्रमिलाच्या बाहीखाली.

काल एक वाक्य शिकवलं
जे मला बोलायचं नाही, फक्त ऐकायचंय.
माखेन झी झिश बिट्ट फ्राय.
म्हणजे ब्लाउज काढा. एवढंच.
घाबरू नकोस, बाई डॉक्टर मागू आपण.
ते ठीक, पण शब्दाला शब्द लावला तर काय होतं?
शब्दाला शब्द... थांब हं...
'आपण स्वतःला, कृपया, मोकळं करा.'

नसीमाची सुई काजातच राहिली.
बाहेर कुणाची तरी मोटारसायकल
दोन किका मारूनही सुरू होत नव्हती.

चाळीस वर्षं मी बायकांना सांगते,
हात वर, श्वास सोडा, पोट आत ओढू नका,
नाहीतर टेप खोटं बोलेल आणि उसवलं की मला बोलाल.
त्या ओढतातच.
स्वतःचं माप घेताना मीही ओढते.

आज प्रमिला आली. वहीत डोकावली.
काकू, बाहीखाली हे काय, ड्रायसिश यारेन?
माप आहे, म्हटलं. तुझं नाही, माझं.
मग तिला हात वर करायला लावले.
श्वास सोड, म्हटलं.
बिट्ट.